दुल्फोचा पहिला बुडबुडा

आमच्या गावात दुल्फोची गोष्ट न ऐकलेला माणूस सापडणं अवघड आहे, कारण दुल्फो तशी सवडच कुणाला देत नाही. पाहुणा जीपनीतून, म्हणजे आमच्याकडच्या लांबलचक जीपगाडीतून, उतरतो, त्याची पिशवी अजून जमिनीला टेकलेली नसते, तोवर दुल्फो त्याला सांगून मोकळा झालेला असतो, की एका श्वासात समुद्रातल्या कड्याखाली जाऊन आपण भाल्यावर हेकरू कसा वर आणला. तो हेकरू मी स्वतः पाहिला होता. कढईत मावेल एवढा होता. हल्ली तो दुल्फोच्या खांद्याला लागतो. मेलेला मासा दर वर्षी वाढतो, हा चमत्कार आमच्या चर्चमधल्या सान व्हिसेंतेलाही जमलेला नाही.

माझं दुकान त्याच्या घरासमोर आहे. मध्ये रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला त्याचा झुंजीचा कोंबडा बांधलेला. या कोंबड्याने आजवर एकही झुंज जिंकलेली नाही, आणि तो मेलाही नाही, कारण तो पळतो. मी दिवसभर शांपूच्या पुड्या, नारळाचा व्हिनेगर, सुकी मासळी विकत बसते आणि समोर जे दिसेल ते बघते. दुल्फोची बायको लुमिंग भांडताना आवाज बारीक करते, ही तिची वाईट खोड. मग पुढचं ऐकायला मला मीठ मागायला तिच्याकडे जावं लागतं, दुकानात मिठाची गोणी असताना.

पूर्ण नाव तेओदुल्फो मागलांगित. छाती पिंपासारखी, पाय काटक्यांसारखे. उभा राहिला की पिंप कुणीतरी दोन वल्ह्यांवर तोलून ठेवलंय असं वाटतं. त्याचा बाप पाण्याखालचा शिकारी, आणि पोरालाही त्याने तेच केलं. लाकूड कोरून त्यात काच बसवलेला चष्मा, रबराने सुटणारा भाला, आणि छातीत एक श्वास. त्या लोकांचा कायदा एकच होता. खाली गेल्यावर हवा सोडायची नाही. बुडबुडा सुटला की मासा बिळात जातो आणि शिकाऱ्याची अब्रू वर तरंगत येते. दुल्फोचा बाप होडीच्या उलांडीवर, बाजूच्या आडव्या लाकडावर, बसून पाण्याकडे बघत राहायचा. पोराचा बुडबुडा दिसला, की पोरगं वर आल्या आल्या कानफटात. आमच्याकडे पाण्याखाली बुडबुडा सोडणं म्हणजे प्रार्थना चालू असताना चर्चमध्ये मोठ्याने पादणं. तर दुल्फो श्वास धरायला शिकला, आणि तेवढ्यावर त्याचं शिक्षण पूर्ण झालं.

लग्नही त्याने श्वास धरूनच केलं. लुमिंगचा बाप ऐकत नव्हता, म्हणून हा धक्क्यावर सगळ्यांदेखत पाण्यात गेला आणि वरच येईना. म्हाताऱ्याने शेवटी नव्या पँटसकट उडी मारली. दुल्फो खाली खांबाला मिठी मारून आरामात बसला होता. म्हाताऱ्याने पँटच्या दुःखात होकार दिला. लुमिंगने त्या दिवशी जो श्वास धरला तो अजून सोडलेला नाही, असं मी तिला म्हणते. ती हसत नाही.

श्वास लांब असण्याचा आणखी एक त्रास म्हणजे दुल्फोचं गाणं. माझ्या अंगणात कराओकेचं यंत्र आहे. शहाणा माणूस दोन ओळींमध्ये दम घ्यायला थांबतो, तेवढ्यात आपण माइक काढून घेऊ शकतो. दुल्फो थांबतच नाही. एकच प्रेमगीत त्याला येतं, ते तो पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत एका दमात ओढत नेतो, आणि ते दोन्ही सूर चुकीचे असतात.

तर असा हा माणूस भाल्यावर पोट भरत होता. मग कड्याभोवतीचं पाणी मासेमारीला बंद झालं. मासे संपत आलेत हे सगळ्यांना दिसत होतं. ते कुणी संपवले हे मात्र कुणालाच आठवत नव्हतं. गावाने सभा घेऊन तरंगती पिंपं बांधून हद्द आखली. आत भाला नाही, जाळं नाही, गळ नाही. आत जायचं ते फक्त बघायला. पाहुण्यांना खाली न्यायला वाटाडे गावातलेच घ्यायचे ठरले, पण ज्याच्याकडे पाठीवर टाकी लावून बुडी मारण्याचं कार्ड असेल त्यालाच.

"तारलीला कुणी पोहायचं कार्ड मागतं का?" असं म्हणून दुल्फो बदामाच्या झाडाखाली जाऊन बसला. तिथे त्याने माडीचा गडू आणि तो पळपुटा कोंबडा यांच्या संगतीत पुष्कळ दिवस काढले. लुमिंग मासळी सुकवून घर चालवत होती. शेवटी तिने आवाज बारीक केला, आणि मी मीठ मागायला गेले.

लुमिंगचा भाऊ अबुंदिओ वर डोंगरात डुकरं पाळतो. त्याला खरकटं ओतायला आणि खाली झाडायला माणूस हवा होता. लुमिंगने नवऱ्याला सांगून टाकलं, की सान व्हिसेंतेच्या सणापर्यंत कार्ड आण. नाही आणलंस तर सणाला अबुंदिओ येईल, त्याच्याच गाडीत आपण दोघं बसायचं. दुल्फो डुकरांना भितो, हे खरं. पण त्याचा चेहरा उतरला तो दुसऱ्याच कारणाने. अबुंदिओच्या घरून समुद्र दिसत नाही. तिथल्या माणसांना तर समुद्राचा वासही नकोसा होतो म्हणे. दुल्फोला तिथे त्या हेकरूची गोष्ट कोण विचारणार होतं? तिथे माणसाची किंमत डुकराच्या वजनावर ठरते.

बुडी शिकवण्याची शाळा आमच्या किनाऱ्याच्या टोकाला आहे. मालक परदेशी, त्याच्या नाकाची साल बारा महिने निघत असते. शिकवायचं काम मात्र फ्लोर करते. फ्लोर आमच्याच गावची पोरगी. आई मर्लिंडा, बाप फ्लोरो, म्हणून तिचं नाव मर्लाफ्लोर. आईबापाने नावातसुद्धा वाटणी केली. आणि दुल्फो तिचा निनाँग. म्हणजे तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातांवर घेऊन उभा राहिलेला धर्मबाप. निनाँगचा शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही, त्याच्या समोर कुणी पाय पसरूनसुद्धा बसत नाही. दुल्फोच्या डोळ्यांसमोर तेव्हाच कार्ड चमकलं असणार.

फ्लोरोचं सांगायला हवं. तो दुल्फोचा जिवलग. त्याला समुद्र शिकवला तो दुल्फोनेच, आणि हे दुल्फो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. पुढे फ्लोरो होडीवरच्या कंप्रेसरची नळी दातांत धरून खोल जायला लागला. एके दिवशी इंजिन बंद पडलं. नळीतली हवा संपत आली तसा फ्लोरो शेवटचा श्वास भरून सरळ वर आला, आणि वर येईपर्यंत संपला होता. तोंडाला लाल फेस. दुल्फोनेच त्याला होडीत ओढून घेतलं होतं. तेव्हापासून दुल्फो माझ्या बाकावर बसून सांगत आला, की कड्यात राहणाऱ्या देवचाराने फ्लोरोला छातीत आवळला. आम्ही मान डोलावत आलो. देवचाराचं कुणी काय वाकडं करणार?

कार्डासाठीची फी कॅप्टनने भरली. कॅप्टन म्हणजे आमच्या गावचा निवडून आलेला कारभारी. होडीशी त्याचा संबंध उलटीपुरता. पैसे गावचे होते, खिसा आपला असल्यासारखं तो बोलत होता. आणि दुल्फोने काय केलं? वर्ग सुरू व्हायच्या आधी फलक छापून आणला.

आमच्याकडे कुणाची मुलगी नर्सची परीक्षा पास झाली, कुणाचा मुलगा इंजिनियर झाला, की घरचे रस्त्यावर मोठा फलक लावतात. फोटो, नाव, अभिनंदन. दुल्फोच्या घरात आजवर कुणी फलकाला लागेल असं काही केलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला थांबवेना. फलकावर दुल्फो उसन्या कोटात, हातात भाला, मागे निळं पाणी, आणि वर मोठ्या अक्षरांत पाणबुड्याचं अभिनंदन. शेजारी कॅप्टनचा फोटो, दुल्फोच्या दुप्पट. फलकाचं एक टोक त्याच्या फणसाला बांधलं, दुसरं माझ्या दुकानाच्या खांबाला.

मी म्हटलं, "अरे, आधी पास तर हो."

"मेनिंग, मासा कधी पोहण्यात नापास होतो का?"

"मासा फलक लावत नाही, दुल्फो."

त्याच्याबरोबर वर्गात एक जर्मन जोडपं होतं. दोघं अंगाला पांढरं मलम एवढं फासायचे की तळायला काढलेल्या माशांसारखे दिसायचे. नवऱ्याला पोहताना कानात पाणी जायचं, बायकोला मासे जवळ आले की भीती वाटायची. दुल्फो त्यांच्याकडे दयेने बघायचा. फ्लोरने फळ्यावर पहिला नियम लिहिला, सगळ्या नियमांच्या वरचा: खाली असताना श्वास कधीही धरायचा नाही, घेत राहायचा आणि सोडत राहायचा. दुल्फो हसला. बाकीच्या वर्गात तो झोपला.

उथळातला पहिला धडा गावासमोरच झाला. छातीएवढं पाणी. तिघांच्या पाठीला टाक्या, कमरेला शिशाचे पट्टे, तोंडात नळी. तळावर गुडघ्यांवर बसायचं आणि फक्त श्वास घ्यायचा, एवढंच काम. किनाऱ्यावर आम्ही बायका जमलो होतो. असा तमाशा फुकट रोज मिळत नाही. जर्मनांच्या डोक्यावर बुडबुडे असे उसळत होते जसा भात उतू जातो. दुल्फोच्या डोक्यावर पाणी आरशासारखं गुळगुळीत.

आम्ही बघत राहिलो. काहीच नाही. लुमिंगच्या हातातलं धुणं तसंच राहिलं. मग कितीतरी वेळाने कडेला एकच बारीक बुडबुडा आला, चोरून आलेला, जणू कुणाचं लक्ष नाही ना हे पाहून. फ्लोरने त्याला दंडाला धरून वर उठवलं. हा नळी काढून हवेचा काटा आम्हा सगळ्यांना दाखवत सुटला. काटा जागचा हललासुद्धा नव्हता.

"बघ, बघ. त्या दोघांनी म्हशीसारखी हवा ढोसलीये. आणि माझी टाकी भरलेली. ही उद्या परत वापर."

फ्लोर म्हणाली, "निनाँग, हवा वाचवायला दिलेली नाही. घ्यायला दिलीये."

त्याला हे कळलंच नाही. कळणार कसं? आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी टाळ्या मिळाल्या त्याच गोष्टीसाठी एक पोरगी त्याला नापास करत होती. पुढचे धडेही तसेच गेले. फ्लोर समोर असली की दुल्फो दोनतीन श्वास दाखवल्यासारखे घ्यायचा. तिची पाठ वळली की बंद. एकदा दगडाखाली वीतभर हेकरू दिसला, तर याचं सगळं अंग थिजलं, नळीतला आवाज थांबला आणि हात हळूहळू पुढे सरकायला लागला. फ्लोरने त्याच्या बोटांवर काठी मारली. हद्दीच्या आतला हेकरू, आणि हा तिथला होऊ घातलेला वाटाड्या.

फ्लोर त्याला खोल न्यायला तयार होईना. जर्मन जोडपं कड्यावर जाऊन आलं, पास झालं, कार्ड दातांत धरून फोटो काढून परत गेलं. त्यातल्या बायकोला माशांची भीती अजून होतीच. दुल्फो उथळातच.

मग फ्लोर माझ्या दुकानात आली आणि तिने बर्फाच्या कांडीच्या पिशव्या मागितल्या. त्या लांबट प्लास्टिकच्या पिशव्या, ज्यांत सरबत भरून मी गोठवते. तिने दुल्फोला कड्यावर नेलं, टाकीशिवाय, आणि चष्मा लावून वर तरंगत बघायला लावलं. स्वतः खाली गेली, नळीतली हवा पिशवीत भरली, गाठ मारली, आणि पिशवी हातात घेऊन सावकाश वर यायला लागली. पिशवी आधी टम्म झाली. मग ताणून काचेसारखी झाली. आणि दुल्फोच्या नाकासमोर फुटली. फ्लोरने सांगितलं, की खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. वरून नेलेला श्वास धरला तर वर येताना तो पुन्हा होता तेवढाच होतो, पण टाकीतून खाली घेतलेला श्वास धरलात तर तुमची छाती म्हणजे ही पिशवी.

दुल्फो गावात आल्यावर काय म्हणाला असेल? "मेनिंगच्या पिशव्या फुसक्या. स्वस्त माल आणते."

इथे माझा दुल्फोशी संबंध संपला होता. माणसाने माझ्या तोंडाला नावं ठेवावीत, मला चालतं. मालाला नाही.

सण तोंडावर आला. फलक माझ्या खांबाला फडफडत होता आणि बाहेरगावचे लोक जीपनीतून मान काढून वाचत होते. कॅप्टनची झोप उडाली, कारण त्याचाही फोटो वर होता. एका दुपारी तो दुल्फोला घेऊन माझ्या बाकावर बसला आणि फ्लोरला बोलावणं धाडलं. तिला थंड पेय दिलं आणि गोड आवाजात सांगायला लागला, की नियम पाहुण्यांसाठी असतात, निनाँगला कोण नियम लावतं, बाप्तिस्म्याला ज्याने हातांवर घेतलं त्याला गावासमोर खाली पाहायला लावणं बरं दिसतं का. एक सही तर करायची. दुल्फो खाली बघून बसला होता. मग त्याने स्वतःच तोंड उघडलं.

"लहान असताना तुला खांद्यावर घेऊन फिरलोय गं मी. मला काय पाण्यात मरण येणार आहे? हजार वेळा श्वास धरून वर आलोय."

फ्लोरने बाटली खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही. "बाबांना देवचाराने आवळलं नाही, निनाँग. त्यांनी श्वास धरला. नळीतला श्वास, खोलातला, धरून वर आले. मला हे बुडीच्या शाळेत पहिल्याच दिवशी कळलं, आणि मी वर्गातून उठून बाहेर गेले." ती उठून उभी राहिली. "त्यांना श्वास धरायला कुणी शिकवलं होतं?"

कॅप्टनला एकदम काहीतरी काम आठवलं आणि तो उठून गेला. असल्या वेळी कॅप्टनला नेहमी काम आठवतं. फ्लोरही गेली. दुल्फो बाकावर बसून राहिला. त्याचा कोंबडा येऊन त्याच्या पायाशी दाणे शोधायला लागला, त्याने त्याला हाकललंही नाही. आणि मी, जिचं तोंड झोपेतही चालतं, मी व्हिनेगरच्या बाटल्या पुसत राहिले. त्या आधीच पुसलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना, दुल्फो दुकानात आला. म्हणाला, फलक सोड. मी म्हटलं, नाही सोडत, त्याची सावली माझ्या मालावर पडते. खरं तर सावली पडत नव्हती. पण सणापर्यंत तो फलक तिथेच राहावा, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावा आणि दुल्फोने रोज दार उघडल्यावर स्वतःचा कोट बघावा, अशी माझी मनापासून इच्छा होती. त्याने वाद घातला नाही. जाता जाता खिळ्याला लटकवलेल्या पिशव्यांना हात लावला.

"पिशव्या चांगल्या आहेत तुझ्या," तो म्हणाला.

दुल्फोने दुसऱ्याच्या कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. माणूस आतून हादरला होता.

पण हादरून काय होतं? कळणं वेगळं आणि छातीने ऐकणं वेगळं. त्याच संध्याकाळी तो पुन्हा उथळात बसला. या वेळी चोरी करत नव्हता, खरोखर प्रयत्न करत होता, आणि ते तर आणखी केविलवाणं दिसत होतं. एक श्वास सोडायचा, आणि अंग आपोआप आवळून घ्यायचा, मान दोन खांद्यांत घालून, जशी अजून वरून बापाची थप्पड येणार आहे. पिंपासारख्या छातीचा बाप्या, मेलेल्या म्हाताऱ्याला भीत होता. फ्लोर त्याला पुन्हा पुन्हा उठवत होती. अबुंदिओचा निरोप आला होता, की सणाला डुक्कर घेऊन येतो आणि जाताना माणूस घेऊन जातो. लुमिंगने गाठोडं बांधायला घेतलं होतं. मी मीठ मागायला गेले तेव्हा पाहिलं.

त्या संध्याकाळी किनाऱ्यावरून मी ओरडले. मदत म्हणून नाही. चिडवायला. "फ्लोर, त्याला गायला सांग. गाताना त्याला कुणाच्या बापाने थांबवलेलं नाही."

बायका हसल्या. फ्लोर हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग दुल्फोकडे वळून काहीतरी बोलली. दुल्फोने मान हलवली, नाही. ती पुन्हा बोलली. दुल्फो खाली बसला.

आधी काही झालं नाही. मग पाण्याखालून हंबरल्यासारखा आवाज आला, आणि त्याच्या डोक्यावर बुडबुड्यांचा ढीगच्या ढीग उसळला. तेच प्रेमगीत. नळीतून शब्द कळत नव्हते, पण सूर ओळखता येत होते, कारण असे चुकीचे सूर दुसऱ्या कुणाचे नाहीत. गाणारा माणूस श्वास धरू शकत नाही, एवढी साधी गोष्ट. ओळ संपली की त्याला दम घ्यावाच लागत होता, आणि कराओकेवर कधी न थांबलेला दुल्फो आयुष्यात पहिल्यांदा दोन ओळींमध्ये थांबला. बायकांनी कान झाकून घेतले. लुमिंग पाण्यात घोट्यापर्यंत गेली होती.

मग फ्लोर त्याला थोडं थोडं करत खोल नेऊ लागली. तो जाईल तिथे गात होता. मासे पळून जायचे, आणि तिला वाटत होतं ते बरंच आहे, हात शिवशिवणार नाहीत. चष्म्यात पाणी घेऊन काढायचं, नळी तोंडातून सोडून पुन्हा शोधायची, खाली न आपटता न वर उडता मध्यावर तरंगायचं, सगळं त्याला त्या एका गाण्यावर जमलं. नळी तोंडात नसताना सुद्धा बारीक बुडबुडे सोडायचे असतात, तेव्हा तो ओठांतून गुणगुणायचा. लेखी परीक्षेसाठी लुमिंगने त्याला मासळी पसरता पसरता प्रश्न विचारले. एका उत्तराला तो चुकला की ती एक मासा उलटा ठेवायची. संध्याकाळपर्यंत अर्धी मासळी उलटी असायची, पण तो पास झाला. काठावर.

कड्यावरची शेवटची बुडी उरली होती, आणि ती नेमकी सणाच्या सकाळी आली. अबुंदिओ डुकरं वाहायची गाडी घेऊन आदल्या दिवशीच आलेला. गाडी त्याने माझ्या दारात लावली. वासाने माझी गिऱ्हाईकं दुसऱ्या दुकानात गेली, हे मी त्याला अजून सुनावते. गाडीत मागे लुमिंगचं गाठोडं ठेवलेलं होतं. त्याच्यावर तवा. लुमिंग किनाऱ्यावर उभी होती आणि तिची नजर तरंगत्या पिंपांपलीकडे होती.

फ्लोरो कंप्रेसरवर असताना आमच्या बायका अशाच बघत उभ्या राहायच्या. नळीवाल्याचे बुडबुडे वर येताहेत तोवर नवरा आहे. मर्लिंडा त्या दिवशी अशीच उभी होती, आणि बुडबुडे थांबले तेव्हा तिनेच पहिल्यांदा पाहिलं. लुमिंगच्या नवऱ्याचे बुडबुडे तिला कधी बघायला मिळालेच नाहीत. त्याचं काम बुडबुडे न सोडण्याचं. आयुष्यभर ती सपाट पाण्याकडे बघत आली, आणि पाणी तिला काहीच सांगायचं नाही.

होडी कड्यावर थांबली. दुल्फो आणि फ्लोर खाली गेले. आणि मग, पार एवढ्या लांबून, पाण्यावर पांढरं दिसायला लागलं. एका ठिकाणी नीट, एकसारखे बुडबुडे, ते फ्लोरचे. त्याच्या शेजारी वेडेवाकडे, ढेकर दिल्यासारखे, मध्येच खूप आणि मध्येच थोडे. लुमिंग ते बघत राहिली. ते कड्याच्या कडेने पुढे सरकले, तशी तीही किनाऱ्यावरून पुढे चालत गेली. मी मागून चालत होते. मी तिला म्हटलं, "बुडबुड्यांतसुद्धा बेसूर आहे गं तुझा नवरा."

लुमिंग हसली. आणि मग तिने श्वास सोडला, एवढा मोठा, की मला बाजूला सरकावं लागलं.

ते दोघं वर आले तेव्हा दुल्फोने कुठलाही मासा धरलेला नव्हता. त्याने नळी काढली, फ्लोरकडे पाहिलं. फ्लोरने हात पुढे केला. आमच्याकडे लहानाने निनाँगचा हात घेऊन कपाळाला लावायचा असतो. त्या दिवशी उलटंच झालं. दुल्फोने तिचा हात धरला आणि कपाळाला लावला. होडीतले लोक दुसरीकडे बघायला लागले.

अबुंदिओ त्या रात्री भरपूर भाजलेलं डुक्कर खाऊन एकटाच डोंगरात परत गेला. गाठोडं उतरवलं, तवा उतरवला. कॅप्टनने फलकासमोर भाषण केलं आणि त्यात दुल्फोचं नाव दोनदा घेतलं, स्वतःचं मोजता आलं नाही.

आता दुल्फो पाहुण्यांना कड्यावर नेतो. कार्ड त्याने गळ्यात दोरीने लटकवलंय, झोपतानाही काढत नाही, असं लुमिंग सांगते. पाहुणा जीपनीतून उतरला की त्याला हेकरूची गोष्ट अजून ऐकावी लागते, पण आता तिच्यानंतर श्वास सोडण्यावर प्रवचनही असतं. काल माझ्या दुकानात येऊन मलाच सांगत होता, मेनिंग, तू रागावलीस की श्वास धरतेस, छातीला वाईट. ज्याला पन्नाशी उलटेपर्यंत श्वास सोडता येत नव्हता तो माणूस मला शिकवतो. शिवाय कंप्रेसरवर जाणाऱ्या पोरांना बाकावर बसवून माझ्या पिशव्या वापरून दाखवतो, आणि त्या पिशव्यांचं काही देत नाही. देवचाराचं नाव मात्र त्याच्या तोंडून परत ऐकलं नाही.

फलकाची एक बाजू वाऱ्याने फाटली, म्हणून लुमिंगने तो उतरवून मासळी वाळवायला अंथरला. कॅप्टनच्या तोंडावर तारल्या पसरलेल्या असतात. ती तिथे उकिडवी बसून मासे उलटे करते, आणि मधूनमधून मान वर करून पिंपांपलीकडे बघते. ते वेडेवाकडे पांढरे बुडबुडे दिसले, की पुढचा मासा उलटते.